थ्वेटबाईंना कुरण कसं मागावं

३ जानेवारी, मंगळवार

नवीन डायरी. नवीन पद. लेम व्हॅली सोसायटीचा सभासद व मृत्युपत्र विभाग प्रमुख म्हणून काल माझी एकमताने निवड झाली. मीटिंगला मी नव्हतो (सर्दी). आमच्या अध्यक्ष बेरिल हॅदर्ली फोनवर म्हणाल्या की जे आले त्यांच्याकडे आधीच कामं होती, म्हणून न आलेल्यांतून निवडावं लागलं. पण न आलेले सतरा होते आणि निवडलं मला. माणसं ओळखायची नजर असावी लागते.

कामं दोन. लोकांना सभासद करून घेणे. आणि लोकांनी आपल्या मृत्युपत्रात संस्थेच्या नावे काहीतरी ठेवावं म्हणून त्यांचं मन वळवणे, म्हणजे आपल्या खोऱ्यातली कुरणं, पायवाटा, झाडोरा शाबूत राहील. पाणीपुरवठा मंडळाच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षं काढली. एकाही माणसाला धड हो किंवा नाही न म्हणता रिटायर झालो. मन वळवणं मला कुणी शिकवू नये.

टार्गेट : वर्षअखेर पन्नास नवे सभासद. सध्या ४१२ आहेत.

ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, मर्विन, शेजारच्यांनी आपली शिडी नेली त्याला सहा वर्षं झाली. ती तुला परत मागवत नाही, आणि तू लोकांकडे जमिनी मागणार? शिडीचा इथे काय संबंध ते कळलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने कौतुकाचा एक शब्द काढला असेल तर शपथ.

५ जानेवारी, गुरुवार

बेरिलबाईंनी घरी बोलावून खरं काम सांगितलं. मिल लेनच्या अगदी टोकाला मिस विनिफ्रेड थ्वेट राहतात. त्यांच्या घरामागे अकरा एकरांचं कुरण आहे. तिथे कधी नांगर लागलेला नाही की पोत्यातलं खत पडलेलं नाही. अख्ख्या खोऱ्यात असं एवढं एकच उरलंय. मेमध्ये जांभळी ऑर्किडं येतात, चंडोल गवतात घरटी करतात. थ्वेटबाई एक्क्याण्णव वर्षांच्या. लग्न केलेलं नाही. एक भाचा आहे, ग्रॅहम, घरं बांधणाऱ्या कंपन्यांना जमिनी मिळवून देण्याचा त्याचा धंदा. बाईंनी कुरण संस्थेच्या नावे ठेवलं तर वाचेल. भाच्याकडे गेलं की तिथे चाळीस बंगले उठले म्हणून समजा.

बेरिलबाईंचं म्हणणं : जा, चहा घ्या, विचारा. दहा मिनिटांचं काम आहे. जन्मभर शाळा चालवलेली बाई. दप्तर आणलंस का, या चालीवर म्हाताऱ्या माणसाला तुमच्यामागे जमिनीचं काय, असं विचारायचं? चहाच्या टेबलावर मरणाचा विषय? मी नुसती मान डोलावली.

माझी योजना वर्षभराची आहे. आधी ओळख, मग विश्वास, मग बाई आपणहून बोलतील. मला तोंडही उघडावं लागणार नाही.

१२ जानेवारी, गुरुवार. दुपारी ५

पहिली भेट. उत्तम. बाई काटक आहेत, एकट्या राहतात, कोंबड्या पाळतात. मूळच्या यॉर्कशरच्या. पन्नास वर्षांपूर्वी इकडे आल्या तरी बोलण्याचा फटकळपणा गेलेला नाही. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, काय हवंय? म्हटलं, काही नाही हो, इथून चाललो होतो, म्हटलं डोकवावं. त्या म्हणाल्या, इथून पुढे रस्ता नाही. म्हटलं, हो, ते आत्ता लक्षात आलं.

चहा झाला. हवेबद्दल पाऊण तास बोललो. निघताना त्या म्हणाल्या की पुढच्या गुरुवारी पुन्हा इथूनच चालला असाल तर या. पाया घातला गेला आहे.

१९ जानेवारी, गुरुवार

दुसरी भेट. मृत्युपत्र हा शब्द अगदी जिभेवर आला होता, पण त्यांनी त्याच वेळी माझ्या पुढ्यात उकडलेलं अंडं ठेवलं. अंड्यासमोर तो विषय बरा दिसला नसता.

ठरवलं : पुढच्या गुरुवारी नक्की.

२६ जानेवारी, गुरुवार

आज त्यांची एक कोंबडी मेली होती. मरणाच्या घरी कुठे तो विषय काढणार.

२ फेब्रुवारी, गुरुवार

थ्वेटबाईंकडे रजा. सकाळी गावच्या दुकानापुढे सभासद नोंदणीचं टेबल लावलं. साडेतीन तास गारा. टेबलाशी सहा माणसं आली, पैकी चौघांनी पोस्ट ऑफिस उघडलंय का म्हणून विचारलं. पाचवे मिस्टर पॉलिट. त्यांना मी देशाच्या मातीवर दहा मिनिटं सुनावलं, फॉर्म भरून घेतला, सही घेतली. घरी येऊन रजिस्टर उघडलं तर हा गृहस्थ १९८७ पासून सभासद! मग सही कशाला केलीत म्हणून फोन केला. म्हणाले, तुम्ही इतके कुडकुडत होतात, नाही म्हणवेना.

सहावी ग्लेनिस. डबा घेऊन आली होती.

११ फेब्रुवारी, शनिवार

मृत्युपत्राचं पत्रक छापून आलं. मथळा माझाच : तुम्ही नसाल तेव्हाही. कागद सुरेख, वर मावळत्या सूर्याचा फोटो. वाटायचं कुठे यावर विचार केला. आपल्यामागे काय, हे जिथे माणसाच्या मनात येतं अशी गावात एकच जागा. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, दर खुर्चीवर एक, अशी चोवीस पत्रकं ठेवून आलो.

दुपारी ३. दवाखान्यातल्या बाईंचा फोन. मी शुद्धीवर आहे का, असं विचारत होत्या. मिस्टर ब्रॉटन म्हणे रक्त तपासायला आले होते, खुर्चीवरचं पत्रक वाचलं, आणि डॉक्टर मला काय ते स्पष्ट सांगा म्हणून रडायलाच लागले. कागद कोणता वापरलाय याकडे एकाचंही लक्ष नाही. या गावात चांगलं काम करायची सोय उरलेली नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी आल्याचा केक केला होता. एक तुकडा उरला. त्या म्हणाल्या, घेणार? अर्थातच म्हटलं, नको नको. बरं, म्हणाल्या, आणि स्वतःच खाल्ला. माझ्यादेखत. एकटं राहून राहून माणसं रीतभात विसरतात. वाईट वाटलं (त्यांच्यासाठी).

कुरणाचा विषय निघाला नाही. पण केकचा निघाला. जवळ येतोय.

९ मार्च, गुरुवार

विषय निघाला! आणि त्यांनीच काढला, मी म्हटलं होतं तसा. रविवारी ग्रॅहम येऊन गेला. बरोबर दुर्बीण लावून मोजणी करणारा एक जण होता. बाई म्हणाल्या, मी अजून जिवंत आहे, आणि हा पावलं मोजतोय. मग मला म्हणाल्या, तुमच्या संस्थेच्या हाती एखादं कुरण लागलं तर ती करते काय त्याचं?

हा प्रश्न साधा नव्हता. मी सावध होतो. म्हटलं, संस्थेला सगळ्याच कुरणांविषयी सारखीच आस्था आहे आणि प्रत्येक बाबीचा यथोचित विचार केला जातो. बाई म्हणाल्या, हे उत्तर झालं का? तक्रार विभागात या वाक्यावर लोक निरुत्तर होऊन फोन ठेवायचे. या बाईंनी आणखी चहा ओतला.

१८ एप्रिल, मंगळवार

कमिटीची मीटिंग. बेरिलबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, थ्वेटबाईंना विचारलंत का? म्हटलं, बोलणी अतिशय नाजूक टप्प्यावर आहेत. म्हणजे विचारलं नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, मर्विन, तुम्हाला जमत नसेल तर सांगा, मी जाते उद्या आणि विचारते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेरा गुरुवार मी घालवले, तेरा गुरुवार त्या हवेवर बोललो, आणि आता ही बाई जाऊन सगळ्यावर पाणी ओतणार. म्हटलं, बेरिलबाई, मेअखेर कुरण आपलं. लिहून घ्या. ते मात्र लिहून घेतलं नाही.

सभासद ४१०. दोघे वारले. यात माझा काही दोष नाही.

४ मे, गुरुवार. संध्याकाळी ६

आजचा दिवस सोन्याचा. सविस्तर लिहितो.

चहाच्या आधीच बाईंनी काठी उचलली आणि मला कुरणात नेलं. ऑर्किडं फुलली आहेत. इतकी असतील असं मला वाटलं नव्हतं. पाऊल कुठे टाकावं कळेना, मी बराच वेळ एका पायावर उभा होतो. वर चंडोल गात होता आणि काही केल्या थांबत नव्हता. मधोमध आल्यावर बाई वळल्या, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, मिस्टर टॅपस्कॉट, मला आडवळणं जमत नाहीत. तुमच्या संस्थेला हे कुरण हवं आहे का?

चार महिन्यांची तपश्चर्या फळाला आली! घशापर्यंत हो आलं होतं. पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. असं विचारल्याबरोबर हो म्हणणारा माणूस कसा दिसतो? गिधाडासारखा दिसतो. म्हटलं, छे छे, भलतंच काय मिस थ्वेट! त्या म्हणाल्या, म्हणजे नको? म्हटलं, असला विचार मनातसुद्धा आणू नका. त्या म्हणाल्या, मग दर गुरुवारी येता ते कशासाठी? म्हटलं, तुमच्याशी चार गप्पा माराव्यात, दुसरं काय. त्यांनी काठीने वाटेतलं गवत बाजूला सारलं. मग म्हणाल्या, बरं. विचारून घेतलेलं चांगलं.

मग आत येऊन चहा घेतला.

आता रीत अशी आहे. पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की, अहो पण तुमचा भाचा आहे ना, असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की डोळ्यांत पाणी आणून घ्यायचं. चांगल्या घरातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दोन गुरुवार, फार तर तीन.

ग्लेनिस इस्त्री करत होती. तिला सांगितलं. तिने इस्त्री उभी केली आणि म्हणाली, तिने विचारलं, आणि तू नको म्हणालास? म्हटलं, तुला बारकावे कळायचे नाहीत. ती म्हणाली, मर्विन, आत्ताच्या आत्ता परत जा. मी गेलो नाही. बातम्या लागल्या होत्या.

११ मे, गुरुवार

बाई घरी नव्हत्या! दारावर चिठ्ठी : शहरात वकिलाकडे जाते आहे, कोंबड्यांना दाणे घातलेत. शेजारचे म्हणाले की टॅक्सी मागवून गेल्या, डोक्यावर ठेवणीतली टोपी. एक्क्याण्णव वर्षांची बाई टोपी घालून वकिलाकडे कशाला जाईल? मला दुसऱ्यांदा विचारण्याआधीच कागद करायला निघाल्या. काय बाई आहे! रस्त्याने येताना मी चक्क शीळ घातली.

१८ मे, गुरुवार

बाई कुरणाबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. साहजिक आहे. असलं काम केल्यावर कोण ढोल पिटतं? मीही विचारलं नाही. निघताना मात्र मी त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, मिस थ्वेट, मला सगळं समजलं. त्या म्हणाल्या, काय समजलं? म्हटलं, असू दे. त्यांनी हात सोडवून घेतला.

६ जून, मंगळवार

कमिटीत जाहीर केलं : कुरणाचं काम झाल्यात जमा आहे. टाळ्या. बेरिलबाईसुद्धा म्हणाल्या, शाब्बास, मर्विन, मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. शरदातल्या बातमीपत्राचं पहिलं पान मला द्यायचं ठरलं. घरी येताना वाइन आणली. ग्लेनिस म्हणाली, त्या स्वतः म्हणाल्या का तसं? म्हटलं, म्हणायची गरजच काय. तिने ग्लास न उचलताच विचारलं, मर्विन, तू त्यांना नको म्हणाला होतास, त्याचं पुढे काय झालं? या बाईपुढे आनंद साजरा करणं म्हणजे डोकं फोडून घेणं.

१३ जुलै, गुरुवार

कुरणात गवतकापणी. मदतीला गेलो. बाईंनी खुर्ची टाकून घेतली होती, काठीने हुकूम सोडत होत्या. अहो, ते दाताळं आहे, केरसुणी नव्हे! मग त्यांनी गवतं ओळखायला शिकवली. एकाला हातात धरलं की थरथरतं, एकाला पिवळी फुलं येतात आणि बी पिकलं की खुळखुळ्यासारखं वाजतं. तिसरं मी विसरलो. त्यांच्या वडिलांची, यॉर्कशरच्या शेताची गोष्ट सांगितली. मी पोट धरून हसलो. दुपारी चीज, कांदा, पाव, आणि बाटलीतला थंड चहा. पाठ मोडली आहे, उद्या उठवेल असं वाटत नाही.

दिवसभरात मृत्युपत्र एकदाही डोक्यात आलं नाही. कामाच्या दृष्टीने दिवस फुकट गेला.

२४ ऑगस्ट, गुरुवार

बूटही काढलेले नाहीत. लिहितो.

चहा ओतता ओतता बाई म्हणाल्या, एक गोष्ट तुमच्या कानावर घालून ठेवते. तुमच्याशी लपवाछपवी नको. हे कुरण मी १९९८ मध्येच तुमच्या संस्थेच्या नावे केलं होतं. मृत्युपत्रात. कुणाला बोलले नव्हते, लोकांना सांगायची गोष्ट नव्हे ती. पण मी मेल्यावर नको असलेली वस्तू कुणाच्या गळ्यात मारायची माझी इच्छा नाही, म्हणून तुम्हाला स्वच्छ विचारलं. तुम्ही स्वच्छ सांगितलंत. मग वकिलाकडे जाऊन ते काढलं आणि ग्रॅहमच्या नावे केलं. तो बंगले बांधेल, मला माहीत आहे. पण ज्यांचं कामच कुरणं सांभाळायचं त्यांनाच नको, तर मी एकटी म्हातारी कुठवर धरून बसणार?

पंचवीस वर्षं. कुणी काही न करता, कुणी चहा न पिता, पंचवीस वर्षं ते आमचंच होतं.

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण त्या पुढे म्हणाल्या, वाईट वाटलं थोडं, खोटं कशाला बोलू. पण एक बरं झालं. या गावात पन्नास वर्षांत माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस काहीतरी मागायला आलाय. नुसतं बसायला आलेले तुम्ही पहिले.

आता यावर काय म्हणायचं? नाही, मीही मागायलाच आलो होतो, असं? मी म्हटलं, उत्तम केलंत, मिस थ्वेट.

उत्तम केलंत! असं म्हणालो मी!

२५ ऑगस्ट, शुक्रवार

ग्लेनिसला सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, सोपं आहे. जायचं आणि म्हणायचं, मी चुकलो, आम्हाला हवंय. मी येऊ का बरोबर? म्हटलं, माझं मी बघेन.

पत्र लिहायला घेतलं. सात कागद फाडले. सातही वेळा हवेपासूनच सुरुवात झाली.

३१ ऑगस्ट, गुरुवार

आज सांगणारच होतो. पाद्रीसाहेब येऊन बसले होते. त्यांच्यासमोर कसं सांगायचं? ते उठतील म्हणून मी थांबलो, मी उठेन म्हणून ते थांबले. पावणेसहाला दोघेही उठलो. रस्त्यात मला म्हणाले की चर्चच्या छपरासाठी बोलायचं होतं, तुमच्यामुळे राहिलं.

७ सप्टेंबर, गुरुवार

बाईंना खोकला. आवाज बसलाय. तापातल्या माणसाला असलं काही विचारणं बरं नव्हे. कोंबड्यांना दाणे घातले, सूप गरम करून दिलं. सूप खारट झालंय म्हणाल्या. झालं होतं.

पुढच्या गुरुवारी. आता मात्र नक्की. आरशासमोर दहा वेळा म्हणून पाहिलं : मिस थ्वेट, आम्हाला हवं आहे. चार शब्द. पाच.

१४ सप्टेंबर, गुरुवार

हॉस्पिटलात हलवलंय. न्यूमोनिया. नर्सने विचारलं, नात्यातले का? म्हटलं, स्नेही. हा शब्द पटकन आला.

बाई लहान दिसत होत्या. डोळे मात्र तेच. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हाला काहीतरी मागायचं आहे, तोंडावर दिसतंय. बोला. काय हवंय?

नर्स होती. पलीकडच्या खाटेवरची बाई टीव्हीचा आवाज बारीक करून ऐकत होती. थ्वेटबाईंच्या नाकाला नळी होती. मी म्हटलं, खुर्ची हवी होती.

नर्सने आणून दिली. चांगली होती खुर्ची. तासभर बसलो. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. डोळे मिटून गवतांची नावं म्हणून घेतली माझ्याकडून. तिसरं नाव आज आठवलं.

१९ सप्टेंबर, मंगळवार

आज पहाटे थ्वेटबाई गेल्या.

काय लिहू? मला फार वाईट वाटतंय. कुरणाबद्दल नव्हे. म्हणजे कुरणाबद्दलही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

प्रार्थनेला अकरा जण होतो. भाचा ग्रॅहम पुढे होता, काळ्या कोटात, अदबशीर माणूस. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, आत्याचे एकुलते एक मित्र तुम्ही. दोन शब्द बोलाल का? मी उभा राहिलो आणि बोललो. हवेबद्दल बरंच बोललो असं ग्लेनिस म्हणते. लोक रडत होते, म्हणजे वाईट झालं नसावं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

बेरिलबाई दारात. हातात बातमीपत्राचा गठ्ठा, चारशे प्रती, पहिल्या पानावर माझा फोटो : थ्वेट कुरण संस्थेकडे. वकिलांना फोन केला होता म्हणाल्या, ते काहीतरी वेगळंच सांगताहेत. काय प्रकार आहे?

मी सगळं सांगितलं. ४ मेपासून खुर्चीपर्यंत. पहिल्यांदाच मधे कुठे हवा आणली नाही. वाटलं होतं झापतील, राजीनामा मागतील. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, गठ्ठा उचलला आणि गेल्या. खिडकीतून पाहिलं तर गाडीत बसून होत्या, बराच वेळ, इंजिन चालू न करता.

राजीनामा मीच लिहिला. संध्याकाळीच उत्तर आलं : घ्यायला दुसरं कोणी नाही, तुम्हीच राहा.

३१ डिसेंबर, रविवार

वार्षिक अहवाल. सभासद ४०९. मृत्युपत्राने मिळालेलं : काही नाही. पुढील वर्षाचा अंदाज या रकान्यात ‘आशादायक’ लिहिलं, मग खोडलं.

१४ मार्च, गुरुवार

तीन वाजले की अजून पाय मिल लेनला वळतात. आज वळू दिले.

फाटकापाशी ग्रॅहम होता, कोरे करकरीत गमबूट घालून. आत मोजणीवाला, आणि कुरणभर लाल खुंट्या. मला पाहून ग्रॅहम लगबगीने आला. तब्येत विचारली, ग्लेनिसची विचारली. म्हणाला, आत्या नेहमी तुमचं नाव काढायची हो. म्हणायची, संस्थेला नको होतं म्हणून तुला मिळतंय. मग खुंट्यांकडे हात करून म्हणाला, खरं सांगू का, तुम्हाला हवं असतं ना, तर मी अगदी आनंदाने देऊन टाकलं असतं.

मी फाटक धरलं. म्हटलं, हवंय.

तो म्हणाला, काय?

म्हटलं, कुरण हवंय. आम्हाला पहिल्यापासून हवं होतं. मी त्यासाठीच यायचो. हे मी इतक्या मोठ्याने बोललो की मोजणीवाल्याने दुर्बिणीतून डोकं वर काढलं. शेवटचं वाक्य जुलैनंतर खरं राहिलं नव्हतं, पण ते समजावत बसायची ही वेळ नव्हती. म्हटलं, अकराच्या अकरा एकर. आत्ता. कुठे सही करू सांगा.

ग्रॅहम गमबुटांकडे बघायला लागला. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, अहो मिस्टर टॅपस्कॉट, ते मी आपलं बोलायचं म्हणून बोललो. विक्रीच्या सह्या सोमवारीच झाल्या.

मी म्हटलं, हरकत नाही, हरकत नाही. वर थँक यूसुद्धा म्हणालो.